गेममध्ये ताणलेले त्रिकोण आणि रंगीत चौकोन: कार्ड गेलं की ओल लागली?

मयेकाठ (डिचोली) | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. चवथीच्या आधी चार दिवस एक सेकंड हँड ग्राफिक कार्ड घेतलं, आरएक्स ५८०, ८ जीबी. कुणाकडून घेतलं आणि खोक्यावर कुठल्या कंपनीचं नाव होतं ते लिहीत नाही, उगाच भांडण नको. घरी लावून जुना क्रिकेटचा गेम अर्धा तास खेळलो. झकास चाललं. मग चवथीला सगळे मूळ घरी गेलो. आमचा सात दिवसांचा गणपती, तोवर खोली बंद. पाऊस कसा पडला ते तुम्हाला सांगायला नको.

परत येऊन जीटीए ५ लावला. पंधरा-वीस मिनिटं ठीक. मग एखाद्या गाडीच्या बॉनेटमधून लांबलचक काटा निघून आकाशात जातो, त्रिकोण ताणल्यासारखा. रस्त्यावर हिरवे-गुलाबी बारीक चौकोन. थोड्या वेळाने स्क्रीन काळी, पुन्हा येते, आणि गेम बंद पडलेला असतो. शिवाय मधूनच पांढरे ठिपके चमकतात, चांदण्यांसारखे. ते कधीकधी नुसत्या डेस्कटॉपवरही दिसतात.

बाकी सामान: चौथ्या पिढीचा आय ५, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), २४ इंची मॉनिटर एचडीएमआयवर. जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्राम) कोर, म्हणजे मुख्य चिप, १२००, मेमरी २१५० मेगाहर्ट्झ, खेळताना तापमान ६९. म्हणजे गरम होत नाहीये.

बाबा म्हणतात ओल लागली. आई म्हणते विसर्जन झाल्या झाल्या गेम लावायची घाई कुणाला होती. पैसे पाण्यात गेले का तेवढं सांगा.

रात्रपाळी_वेर्णा | सोमवार, रात्री ११:२०

गेलं कार्ड. माझ्या मित्राचं असंच झालं होतं. त्याने हीटसिंक (कार्ड थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढून ओव्हनमध्ये २०० अंशांवर आठ मिनिटं भाजलं, परत चालू झालं. तुझं तसंही गेलेलंच आहे, करून बघ.

वास्को_खारं_वारं | सोमवार, रात्री ११:३५

भाजू वगैरे नकोस रे. ओलच आहे ही. माझं उदाहरण सांगतो. रात्रभर एसी १८ वर, सकाळी एसी बंद करून बाल्कनीचं दार उघडलं. दहा मिनिटांत कॅबिनेटच्या काचेवर आतून घाम. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे त्याच्यापेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. ग्लासावर धरतं तसंच कार्डावर. वर आमच्याकडे समुद्राचं मीठ. जुन्या कार्डाच्या ब्रॅकेटवर हिरवट पांढरी पूड आली होती. कार्ड काढ, सोनेरी पट्टी खोडरबराने पूस, आणि दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेव.

मयेकाठ (डिचोली) | सोमवार, रात्री ११:४८

माझ्या खोलीत एसी नाही, काका. पंखा आहे. आणि डिचोलीहून समुद्र बराच लांब. पण पट्टी पुसून बघतो.

सोल्डर_आणि_सोलकढी (म्हापसा) | मंगळवार, सकाळी ७:१५

दुरुस्तीच्या धंद्यात आहे म्हणून लिहितो. पावसाळ्यात माझ्या टेबलावर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक 'ओल लागली' म्हणतच येतं. पावसाळा हा गोव्यातला सगळ्यात सोपा आरोपी आहे, त्याला वकील नाही. काही वेळा तो खरंच गुन्हेगार असतो, पण आधी तपास करू या.

मयेकाठ, तुझ्या पोस्टमध्ये एक नाही, दोन तक्रारी आहेत आणि तू त्या एकत्र बांधल्या आहेस. त्रिकोण-चौकोन ही एक. पांढऱ्या चांदण्या ही दुसरी. दोन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालू नकोस.

पहिली चाचणी फुकटची आहे. बिघाड दिसत असताना स्क्रीनशॉट घे, आणि त्याच वेळी मोबाइलने मॉनिटरचा फोटोही काढ. मग स्क्रीनशॉट दुसऱ्या यंत्रावर, तुझ्या फोनवरच, उघडून बघ. स्क्रीनशॉट कार्डाच्या मेमरीत तयार झालेल्या चित्राची प्रत असते. बिघाड त्यात उतरला तर तो चित्र तयार होतानाच झालेला आहे: कार्ड, ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्राम) किंवा गेम. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि फोटोत घाण असेल तर बिघाड चित्र बाहेर पडल्यावर झालाय: पोर्ट, केबल, मॉनिटर. या एका चाचणीने निम्मी माणसं कार्ड न उघडता परत जातात.

दुसरी: संगणक सुरू होताना, बायॉसच्या पडद्यावर, काही वेडंवाकडं दिसतं का?

वेर्ण्याच्या भावाला: ओव्हनने कार्ड 'बरं' होतं ही गोष्ट निम्मी खरी म्हणून जास्त धोक्याची. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे २०० वर सोल्डर वितळलंच नाही. होतं असं की चिप आणि तिच्या खालच्या पाटीमधले बारीक जोड उष्णतेने हलतात आणि तात्पुरते टेकतात. काही दिवसांनी तेच दुखणं परत. या जोडांची कटकट जुनीच. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपांतल्या कमकुवत पॅकेजिंगपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तेव्हापासून हा ओव्हनचा तोडगा फिरतोय. त्यात कार्डावरचे कपॅसिटर फुगतात, प्लॅस्टिकचे कनेक्टर वाकतात आणि जो धूर येतो तो खायच्या ओव्हनमध्ये नको. का पोदेराच्या भट्टीत पावांबरोबर घालणार आहेस?

रात्रपाळी_वेर्णा | मंगळवार, सकाळी ७:४०

😄 बरं, मागे घेतो. मित्राचं कार्ड तीन आठवड्यांनी पुन्हा गेलं होतं हे सांगायचं राहिलं.

नवी_खिडकी (मडगाव) | मंगळवार, दुपारी १:०५

माझ्या लॅपटॉपवरही असंच होतं. गेममध्ये मान वळवली की चित्र मधून कापल्यासारखं दिसतं, वरचा अर्धा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे. ग्राफिक कार्ड गेलं का?

फोंडा_फ्रेम्स | मंगळवार, दुपारी १:३०

नाही. त्याला टेअरिंग म्हणतात आणि तो बिघाड नव्हे. मॉनिटर एक चित्र रंगवत असताना कार्डाने मधेच पुढचं पुढे सरकवलं की दोन चित्रांचा सांधा दिसतो. व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या तालावर सोडणारी सेटिंग) चालू कर. आणि पुढची शंका नवीन धागा काढून विचार, हा मयेवाल्याचा आहे.

मयेकाठला: माझं मत ड्रायव्हर. जुन्या कार्डाचे ड्रायव्हर तसेच असताना त्यावर नवीन चढवले की असले खेळ होतात. डीडीयू (जुने ड्रायव्हर पुसणारा प्रोग्राम) घे, सेफ मोडमध्ये जाऊन सगळे जुने ड्रायव्हर काढ, इंटरनेट तोडून ठेव म्हणजे विंडोज मधेच आपलं काही घुसवणार नाही, मग ताजा ड्रायव्हर टाक. बायॉसचा पडदा स्वच्छ असेल तर हार्डवेअर ठीक आहे हे नक्की.

मयेकाठ (डिचोली) | मंगळवार, रात्री ९:१०

अहवाल.

सोनेरी पट्टी रबराने पुसली. फरक शून्य.

त्रिकोण आणि चौकोन स्क्रीनशॉटमध्ये उतरले. फोनवरही तसेच दिसतात. चांदण्या मात्र स्क्रीनशॉटमध्ये नाहीत, फोटोत आहेत! म्हणजे सोल्डरदादा म्हणतात तसं, दोन वेगळे आजार.

बायॉसच्या पडद्यावर एकदम स्वच्छ. डेस्कटॉपवर चांदण्या सोडल्या तर काही नाही. म्हणजे फोंड्याच्या भाऊंच्या हिशेबाने कार्ड ठीक?

सोल्डर_आणि_सोलकढी (म्हापसा) | मंगळवार, रात्री १०:००

नाही, तिथे फोंड्याशी माझं जमत नाही. बायॉसच्या पडद्यावर घाण दिसली तर हार्डवेअर खराब, हे बरोबर, कारण तिथे विंडोजचा ड्रायव्हरच नसतो. उलटं मात्र खरं नाही. ५८० निवांत असताना त्याची मेमरी ३०० मेगाहर्ट्झवर लोळत असते. गेम लागला की तीच २००० वर धावते. गादीवर झोपलेल्या माणसाचा गुडघा दुखत नाही म्हणून तो ठीक आहे असं म्हणता येत नाही, त्याला चोर्ल्याचा घाट चढायला लाव.

आता त्रिकोणांबद्दल, कारण त्यांच्याकडे बघून बरंच कळतं. गेममधली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनलेली असते आणि प्रत्येक कोपऱ्याची जागा मेमरीत आकड्यांनी लिहिलेली असते. त्या आकड्यातला एखादा मोठ्या वजनाचा बिट (० किंवा १) उलटला की तो कोपरा थेट काही किलोमीटर लांब फेकला जातो. उरलेले दोन कोपरे गाडीवरच. मध्ये जे ताणलं जातं तो तुझा काटा. आणि बारीक चौकोन येतात कारण टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेलं चित्र, साधारणपणे ४ बाय ४ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबून ठेवलेलं असतं. एका ठोकळ्याच्या मूळ रंगाचा एक बिट बिघडला की सोळाच्या सोळा पिक्सेल रंग बदलू शकतात. दोन्ही खुणा मेमरीकडे बोट दाखवतात. केवळ संशय हं, शिक्षा नाही.

क्रिकेटचा गेम का चालला? तो जुना, मेमरीचा थोडा तुकडा वापरत असणार. जीटीए सगळे सेटिंग वर करून लावलास तर ती खूप जास्त भरतो आणि सतत वापरतो.

दोन कामं कर. एचडब्ल्यूइन्फो हा यंत्रावर नजर ठेवणारा प्रोग्राम लावून ठेव. या पिढीच्या कार्डांवर त्यात मेमरीच्या चुकांचा आकडा दिसतो, जीपीयूच्या सदरात. या जीडीडीआर ५ मध्ये मेमरी आणि चिप यांच्यातली देवाणघेवाण तपासण्याची सोय आहे, तिथे चुकलेले मोजले जातात. दुसरं, आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचे वेग बदलणारा प्रोग्राम) मेमरीचा वेग खाली आण, एका वेळी १०० ने, आणि दर वेळी अर्धा तास खेळ. एका वेळी एकच गोष्ट बदल. वेग, पंखा, ड्रायव्हर सगळं एकदम बदललंस तर बरं झालं तरी कशाने झालं ते कळणार नाही.

आणि ६९ अंशांवर खूश होऊ नकोस. तो आकडा कोरचा आहे. या मेमरीचं तापमान दाखवणारा सेन्सर तुझ्या कार्डात नाही.

चांदण्यांसाठी दुसरी केबल लाव.

वायरमन_काका (पेडणे) | मंगळवार, रात्री १०:४५

मला गेममधलं काही कळत नाही, माझी मुलगी हा धागा वाचत होती. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर मुंग्या येतात का बघ. येत असतील तर तुझ्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये आवाज गाळायला जे कपॅसिटर असतात ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. करंट नगण्य, माणूस मरत नाही, पण त्याच अवस्थेत एचडीएमआय काढ-घाल केलीस तर पोर्टाची चिप मरते. मी दोन टीव्ही असे गेलेले पाहिलेत.

आपल्याकडे जांभ्याची जमीन. उन्हाळ्यात सुकली की अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. सध्या पावसात तो भिजलेला आहे, तरीही मुंग्या येत असतील तर वायरच तुटलेली किंवा सॉकेटला जोडलेलीच नाही. केबल बदलताना दोन्हीकडचे प्लग आधी काढ, बाळा.

वास्को_खारं_वारं | मंगळवार, रात्री ११:१०

काका, आत्ता उठून माझ्या कॅबिनेटला हात लावला. येतात मुंग्या. झोप उडाली.

वायरमन_काका (पेडणे) | मंगळवार, रात्री ११:१४

सकाळी स्थानिक वायरमनला बोलवा. तुम्ही स्वतः बोर्ड उघडू नका.

मयेकाठ (डिचोली) | बुधवार, रात्री १०:२०

काका, मुंग्या येत नाहीत. बाबांनी दोन वर्षांपूर्वी अर्थिंग नवीन केलं होतं, ते ऐकून भलतेच खूश झाले.

केबल: सेट टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल लावली. कालपासून एकही चांदणी नाही. जुन्या केबलचं टोक बघितलं तर आतल्या पट्ट्या काळपट झालेल्या. ती कार्डाच्या आधीपासूनची, खिडकीखाली लोंबणारी केबल. म्हणजे वास्कोचे काका निम्मे बरोबर, ओल लागली होती, पण केबलला.

आता मेमरी. एचडब्ल्यूइन्फोमधला तो आकडा: गेम लावल्यावर दहा मिनिटांत ३ हजार, वीस मिनिटांत ४१ हजार, आणि तेव्हाच पहिला काटा आकाशात गेला.

वेग: २०५० वर थोडं कमी. १९५० वर तासाभरात एकच चौकोन. १८५० वर दीड तास खेळलो, काहीही नाही. चुकांचा आकडा ०.

मग आता हे असंच खाली वापरायचं का? फ्रेम थोड्या कमी येतात पण चालेल. फक्त मन मानत नाही.

सोल्डर_आणि_सोलकढी (म्हापसा) | बुधवार, रात्री १०:५०

म्हणजे मेमरी मेलेली नाही, तिला हा वेग झेपत नाही. मेलेली चिप वेग कमी केल्याने शून्य चुका देत नाही. मेमरी आणि हीटसिंकमधले उष्णता वाहून नेणारे पॅड सुकले असतील. उघडणार असशील तर एक सांगतो, पॅडची जाडी मोजून तीच लाव. १ मिलिमीटरच्या जागी दीड घातलास तर हीटसिंक मेमरीवर टेकेल आणि कोरपासून उचलला जाईल. लोक मेमरी गार करायला जातात आणि कोर शिजवतात.

फोंडा_फ्रेम्स | बुधवार, रात्री ११:०५

उघडण्याआधी डीडीयू कर ना बाबा. मंगळवारपासून सांगतोय. दोन दिवस सगळे बिट आणि ठोकळे बोलतायत, ड्रायव्हर कुणी साफ केला नाही.

मयेकाठ (डिचोली) | गुरुवार, सायंकाळी ७:३०

मदत करा!!

फोंड्याच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे सेफ मोड, डीडीयू, इंटरनेट बंद, सगळं केलं. कंपनीच्या साइटवरून उतरवलेला ताजा ड्रायव्हर टाकला. आता स्क्रीन जाडजूड अक्षरांची झालीय, रिझोल्यूशन बदलता येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डापुढे पिवळा त्रिकोण, आत लिहिलंय कोड ४३. तीनदा केलं, तेच. आधी निदान १८५० वर चालत तरी होतं. आता पूर्णच मेलं?

फोंडा_फ्रेम्स | गुरुवार, सायंकाळी ७:५०

अरे देवा. कोड ४३ म्हणजे ड्रायव्हरने कार्ड नाकारलं. माफ कर, असं व्हायला नको होतं. दुसरी जुनी आवृत्ती टाकून बघ.

सत्तरी_स्नायपर (वाळपई) | गुरुवार, रात्री ८:४०

थांबा, थांबा. दुसरा ड्रायव्हर टाकू नकोस. हा तर आतापर्यंत मिळालेला सगळ्यात चांगला पुरावा आहे, आणि फोंड्याच्या दादाने नकळत मोठं काम केलंय.

मी धागा आत्ता पहिल्यापासून वाचला. मयेकाठ, तुझ्या पहिल्याच पोस्टमधली ओळ वाच: कोर १२००, मेमरी २१५०. आपण सगळे त्यावरून पुढे गेलो. ५८० ची मूळ मेमरी २००० असते. कोर १३४०, कार्डानुसार थोडा इकडे-तिकडे. दुकानात ओव्हरक्लॉक (मूळ वेग वाढवून, म्हणजे 'ओसी') करून विकलेल्या कार्डात कोर वर गेलेला असतो. तुझ्यात कोर खाली आणि मेमरी वर आहे. असं फक्त एकाच धंद्यातले लोक करतात.

मयेकाठ (डिचोली) | गुरुवार, रात्री ८:४६

मी समजलो की ते 'ओसी' मॉडेल आहे. खोक्यावर लिहिलं होतं तसं. कुठला धंदा, ताई?

सत्तरी_स्नायपर (वाळपई) | गुरुवार, रात्री ९:२५

मायनिंग. कार्डाकडून रात्रंदिवस गणितं सोडवून आभासी चलन मिळवायचं. इथेरियम या चलनाचं खनन मुख्यतः कार्डाच्या मेमरीवर चालायचं, कोरवर फारसं नाही. म्हणून कोरचा वेग आणि व्होल्टेज खाली आणायचे, वीज वाचते, आणि मेमरी ताणायची. हे करायला कार्डाचा स्वतःचा बायॉस (संगणकाचा नव्हे, कार्डातच साठवलेला प्रोग्राम) उघडून त्यात बदल करायचे. नुसता वेग नाही, मेमरीच्या वेळांचा तक्ताही. प्रत्येक वेगाला किती थांबून वाचायचं-लिहायचं याचे आकडे त्यात असतात. मायनर १५०० मेगाहर्ट्झसाठीचे घट्ट आकडे उचलून १७५० आणि २००० च्या रकान्यात चिकटवायचे. म्हणजे मेमरी पळवायची जास्त आणि श्वास घ्यायला वेळ द्यायचा कमी. मायनिंगमध्ये एखादं उत्तर चुकलं तर ते टाकून पुढचं. कुणाला काही दिसत नाही. गेममध्ये चुकलेला बिट मॉनिटरवर दिसतो.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि असली कार्डं बाजारात आली. एक गठ्ठा आपल्याकडेही फिरत असणार.

आता कोड ४३. एएमडीचा, म्हणजे ५८० ची चिप बनवणाऱ्या कंपनीचा, ड्रायव्हर या पिढीत कार्डाच्या बायॉसची सही तपासतो. बदललेला बायॉस दिसला की नाकारतो. मायनर मग विंडोजमधल्या ड्रायव्हरलाच एक पॅच मारायचे, म्हणजे तो सही बघत नाही. तुला कार्ड देणाऱ्याने ड्रायव्हर कुणी टाकून दिला होता?

मयेकाठ (डिचोली) | गुरुवार, रात्री ९:३१

... त्यानेच. पेन ड्राइव्हमध्ये. म्हणाला 'याच फोल्डरमधून टाक, साइटवरचा त्रास देतो'. 🤦

सत्तरी_स्नायपर (वाळपई) | गुरुवार, रात्री ९:३८

झालं तर. तुझं कार्ड मेलेलं नाही. पॅच गेला, सही जुळत नाही, एवढंच.

संगणक बंद कर. मागचा मुख्य स्विचही बंद कर, प्लग काढ. कार्डाच्या वरच्या कडेला, कधी पॉवरच्या कनेक्टरजवळ तर कधी ब्रॅकेटच्या बाजूला, नखाएवढा सरकता स्विच आहे का बघ. बऱ्याच ५८० वर दोन बायॉस असतात आणि पुष्कळ मायनर दुसऱ्याला हात लावत नसत, तो वेळेला लागतो म्हणून. स्विच दुसरीकडे सरकव आणि चालू कर.

स्विच नसेल तर मूळ बायॉस पुन्हा लिहावा लागेल. ते नंतर बोलू, त्याला आधी आत्ताच्या बायॉसची प्रत काढायची आणि मेमरी कुठल्या कंपनीची आहे ते जीपीयू-झेडमध्ये बघायचं. एकाच मॉडेलमध्ये सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन अशी वेगवेगळी मेमरी येते, आणि एकीचा बायॉस दुसरीला चालेलच असं नाही.

सोल्डर_आणि_सोलकढी (म्हापसा) | गुरुवार, रात्री ९:५५

ताईला साष्टांग. मी पॅडपर्यंत पोचलो आणि २१५० माझ्या डोळ्यांसमोरून गेला. गुडघा तपासत बसलो, पेशंटच्या पाठीवर पोतं आहे हे बघितलंच नाही.

मयेकाठ (डिचोली) | गुरुवार, रात्री १०:४०

स्विच आहे!! धुळीत गाडलेला. वरच्या कडेला, मागच्या बाजूला. सरकवला.

पहिल्या झटक्यात रिझोल्यूशन परत. पिवळा त्रिकोण गेला. जीपीयू-झेड: कोर १३६६, मेमरी २०००. अजून गेम लावला नाही, आई झोपलीय आणि पंखा आता वेगळाच आवाज करतोय.

फोंडा_फ्रेम्स | गुरुवार, रात्री १०:४४

डीडीयू कर म्हणून कोण सांगत होतं 😎

मयेकाठ (डिचोली) | शुक्रवार, रात्री ११:५०

आज सलग अडीच तास. चुका ०. एकही काटा नाही. तापमान मात्र ६९ वरून ७८ वर गेलंय.

सोल्डर_आणि_सोलकढी (म्हापसा) | शनिवार, सकाळी ७:२०

जाणारच. आधी कोरला उपाशी ठेवलं होतं, आता तो पोटभर वीज खातोय. या कार्डाची मूळ मर्यादा १८५ वॉट आहे. ७८ चालतं, पण वर्षानुवर्षं चोवीस तास राबलेलं कार्ड आहे, चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलून घे. पंख्याचा आवाज घरघर असेल तर बेअरिंग गेलंय. फिरवून बघ, अडकत असेल तर पंख्यांची जोडी नवीन मिळते, कार्ड टाकून द्यायची गरज नाही. आणि पॉवरची केबल एसएमपीएसमधून थेट आलेली आठ पिनांची आहे ना? मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या प्लगवरून) जुळवलेली असेल तर आधी ती बदल. आठ पिनांतून १५० आणि स्लॉटमधून ७५ वॉट, असा हिशेब असतो. मोलेक्सचे जुगाड तेवढं झेपत नाहीत, वितळतात.

मयेकाठ (डिचोली) | शनिवार, सकाळी ९:०५

थेट आहे. पेस्ट घेऊन ठेवतो. विकणाऱ्याला मेसेज केला होता, त्याने बघितला आणि उत्तर दिलं नाही. जाऊ दे. सत्तरीताई, सोल्डरदादा, वायरमन काका, सगळ्यांना देव बरें करूं. बाबांना सांगितलं ओल नव्हती. ते म्हणाले केबलला होती ना, मग झालं.

वास्को_खारं_वारं | शनिवार, सकाळी ९:३०

बाबांना माझा नमस्कार सांग. आमचा पक्ष एकच. इकडे वायरमन येऊन गेला. सॉकेटच्या मागे अर्थची वायर होती, पण नुसती गुंडाळून ठेवलेली. घर बांधल्यापासून.

वायरमन_काका (पेडणे) | शनिवार, सकाळी ९:४१

असंच असतं.

रात्रपाळी_वेर्णा | शनिवार, रात्री १:१५

मंडळी, झोपा मोडतो. आत्ता पाळीवरून आलो आणि सहज माझं जीपीयू-झेड उघडलं. माझंही ५८०, गेल्या वर्षी घेतलेलं. कोर ११५०, मेमरी २१००. मी वर्षभर गेमलाच शिव्या घालतोय. टॉर्च घेऊन स्विच शोधतोय, सापडला की सांगतो.

सत्तरी_स्नायपर (वाळपई) | शनिवार, रात्री १:१९

आधी संगणक बंद कर रे बाबा.